संचालक मंडळातील स्त्री आणि नफ्याचा तराजू

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रत्नागिरी जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य जनगणनेच्या कोष्टकांत दडलेले आहे. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र १,१२२ होत्या. येथे मुलीच्या जन्माचे अधिक स्वागत होते, असा याचा अर्थ नव्हे. पोटासाठी पुरुष मुंबईस जातो आणि स्त्री मागे राहते, एवढाच त्याचा अर्थ आहे. मागे राहिलेल्या या स्त्रीने पिढ्यान्पिढ्या भाताची लावणी केली, गुरे राखली, सासूसासऱ्यांचे म्हातारपण काढले, मुले शाळेत धाडली. मनीऑर्डर आली तेव्हाही घर चालवले आणि आली नाही तेव्हाही चालवले. इतके करूनही तिच्या या कामाला कोणी ‘व्यवस्थापन’ म्हटले नाही. व्यवस्थापन म्हणजे मुंबईच्या पेढीवर बसलेला पुरुष करतो ते, अशीच समजूत राहिली.

आजकाल उद्योगपतींच्या परिषदांतून आणि अर्थविषयक वृत्तपत्रांतून एक प्रश्न आवर्जून चर्चिला जातो. कंपनीच्या संचालक मंडळावर स्त्रिया असल्या, तर कंपनीची कामगिरी सुधारते काय? नफा वाढतो काय? हा वरच्या वर्गाचा आपसातला वाद आहे, श्रमिकांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे म्हणून कार्यकर्त्याने त्याकडे पाठ फिरवणे सोयीचे आहे. पण ते योग्य नाही. जयगडचे वीजकेंद्र, लोटे परशुरामचे रासायनिक कारखाने, गोळपजवळचा पीव्हीसीचा कारखाना यांच्यामुळे या जिल्ह्याची जमीन, पाणी, खाडी आणि रोजगार यांचे भवितव्य दूरच्या संचालक मंडळांच्या निर्णयांशी जोडले गेले आहे. ज्या टेबलाभोवती असे निर्णय होतात, त्या टेबलाशी कोण बसते आणि कोणाच्या वतीने बसते, हा प्रश्न वरच्या वर्गाचा एकट्याचा असू शकत नाही.

कायदा आला, खुर्ची आली

२०१३ च्या कंपनी कायद्याने या देशात प्रथमच असे बंधन घातले, की शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असली पाहिजे. ज्या इतर सार्वजनिक कंपन्यांचे भागभांडवल १०० कोटी रुपये वा उलाढाल ३०० कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, त्यांनाही हा नियम लागू झाला. ‘सेबी’ने प्रथम १ ऑक्टोबर २०१४ ही मुदत दिली, ती पाळणे अनेकांना जमेना, तेव्हा १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली. कोट्यवधींचे भांडवल महिनाभरात उभे करणाऱ्या कंपन्यांना एक स्त्री शोधण्यास एवढा अवधी का लागावा, हा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला. त्याचे उत्तर नेमणुकांच्या याद्यांनीच दिले. अनेक कंपन्यांनी मालकाच्या घरातीलच पत्नी, मुलगी वा सून यांची नावे मंडळावर घातली. देशातील सर्वांत बड्या खासगी कंपन्यांपैकी एक असलेल्या रिलायन्स इंडस्ट्रीजने २०१४ च्या जूनमध्ये अध्यक्षांच्या पत्नीचीच संचालकपदी नेमणूक केली. कायद्याचे अक्षर पाळले गेले. सत्ता मात्र ज्या घरात होती त्याच घरात राहिली.

ही पळवाट ध्यानात आल्यावर ‘सेबी’ने नियम कडक केला. बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून किमान एक स्वतंत्र स्त्री संचालक, म्हणजे मालक कुटुंबाशी हितसंबंध नसलेली स्त्री, नेमणे भाग पडले. कायद्यापूर्वी मोठ्या कंपन्यांच्या संचालकांत स्त्रियांचे प्रमाण एक दशांशाहून कमी होते. आता ते पाचव्या हिश्शाच्या आसपास आले आहे. पुरुषांच्या स्वयंप्रेरणेने जे अनेक दशकांत घडले नाही, ते सक्तीने एका दशकात घडले, हा यातील पहिला धडा.

याचा अर्थ पूर्वी कर्तबगार स्त्रियाच नव्हत्या, असा नव्हे. कोकण किनाऱ्याला याचे एक जवळचे उदाहरण ठाऊक आहे. रत्नागिरीच्या बंदरात येणाऱ्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी पुढे ज्या सिंदिया कंपनीच्या ताब्यात गेल्या, त्या सिंदियाची धुरा अनेक वर्षे सुमती मोरारजी यांनी वाहिली. भारतीय जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांना १९५६ मध्ये मिळाले आणि पुढेही पुन्हा मिळाले; १९७१ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. समुद्र आणि जहाजे हे पुरुषांचेच क्षेत्र, असे मानणाऱ्यांना ते मोठेच उत्तर होते. परंतु सुमतीबाई या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नरोत्तम मोरारजी यांच्या स्नुषा होत्या, हेही तितकेच खरे. त्यांच्या कर्तृत्वाविषयी शंका नाही. मात्र ते कर्तृत्व सिद्ध करण्याचे दार सासरच्या नावाने उघडले. तेवढेच कर्तृत्व अंगी असलेली, पण तसे सासर नसलेली दुसरी स्त्री बंदराच्या धक्क्यावर माशांची पाटी घेऊन उभी राहिली. तिला दार दिसलेही नाही.

नफा वाढतो काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. स्त्री संचालकांमुळे नफा वाढतो, असे सांगणारे अनेक अहवाल सल्लागार कंपन्यांनी प्रसिद्ध केले आहेत. ज्या कंपन्यांत स्त्रिया अधिक, त्या कंपन्यांचा नफा अधिक, अशी त्यांची मांडणी असते. ती ऐकावयास गोड वाटते. पण तिच्यात कार्यकारणाचा घोटाळा आहे. ज्या बागायतदाराच्या अंगणात चारचाकी उभी असते, त्याच्या कलमांना आंबा अधिक लागतो. म्हणून चारचाकीमुळे आंबा लागतो, असे कोणी म्हणत नाही. मोठ्या, स्थिरावलेल्या आणि लोकांच्या नजरेत असलेल्या कंपन्या स्त्रियांची नेमणूक आधी करतात, आणि त्यांचा नफाही आधीपासूनच अधिक असतो. कोरिन पोस्ट आणि क्रिस बायरन या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये निरनिराळ्या देशांतील १४० अभ्यास एकत्र तपासले. स्त्री संचालक आणि हिशेबी नफा यांचा संबंध किंचित अनुकूल, आणि शेअर बाजारातील मूल्याशी जवळजवळ शून्य, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. थोडक्यात, स्त्रिया आल्याने कंपन्या भरभराटीस आल्या नाहीत आणि बुडाल्याही नाहीत.

याहून अधिक बोलका अनुभव नॉर्वेचा आहे. त्या देशाने २००३ मध्ये कायदा करून सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांत ४० टक्के जागा स्त्रियांसाठी बंधनकारक केल्या. जानेवारी २००८ पर्यंत ज्या कंपन्या हे करणार नाहीत, त्या विसर्जित करण्याची तरतूद होती. म्हणून साऱ्यांनी तो पाळला. केनेथ आहर्न आणि एमी डिटमार यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले, की या सक्तीमुळे कंपन्यांचे बाजारमूल्य घसरले. विरोधकांच्या हाती जणू कोलीतच मिळाले. पुढे इतर अर्थशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी काटेकोरपणे तपासली, तेव्हा असा परिणाम ठामपणे दाखवता येत नाही, असे दिसून आले. पण या वादाच्या गलबल्यात एक तिसरा निष्कर्ष बाजूला पडला, आणि श्रमिकांच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे.

डेव्हिड मात्सा आणि अमालिया मिलर यांनी २०१३ मध्ये नॉर्वेतील कंपन्यांची तुलना शेजारच्या देशांतील, असे बंधन नसलेल्या कंपन्यांशी केली. त्यांना आढळले, की ज्या कंपन्यांवर स्त्री संचालकांची सक्ती झाली, त्यांनी कामगारकपात कमी केली. त्यामुळे त्यांचा मजुरीवरील खर्च तुलनेने वाढला आणि अल्पकाळात नफा घटला. अर्थशास्त्राच्या रूढ भाषेत याला ‘कामगिरी खालावणे’ म्हणतात. पण ज्या माणसाची नोकरी त्यामुळे टिकली, त्याच्या घरच्या चुलीला विचारले, तर ती या कामगिरीला काय म्हणेल?

कोणाची कामगिरी?

खरा प्रश्न येथे उभा राहतो. कंपनीची कामगिरी म्हणजे कोणाची कामगिरी? भागधारकाला मिळालेला लाभांश तेवढा हिशेबात धरावयाचा आणि कामावरून काढलेला कामगार, काजू फोडताना टरफलाच्या तेलाने जळालेले हात, खाडीत घटलेली मासळी यांची नोंद कोणत्याही वहीत घ्यावयाची नाही, असा हा तराजू आहे. तराजूच एकाच्या बाजूने झुकलेला असेल, तर त्यात स्त्री तोला अथवा पुरुष तोला, माप खोटेच येणार.

कोकणातील घरांना या तराजूचा अनुभव मुंबईच्या गिरण्यांनी दिला. १९२० च्या दशकात त्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या, आणि त्या बहुतांशी वाइंडिंग-रीलिंग खात्यांत राबत. १९७० च्या दशकापर्यंत त्यांचे प्रमाण अगदी नगण्य उरले. नवी यंत्रे आली तेव्हा प्रथम स्त्रियांची खाती आटली. रात्रपाळीस स्त्रियांना मनाई होती, ती त्यांना न घेण्याची सबब झाली. १९२९ च्या कायद्याने बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळाला, तर तोच मालकाच्या लेखी ‘बोजा’ ठरला. कोणाला ठेवावयाचे आणि कोणाला काढावयाचे, हे ज्या मंडळांनी ठरवले, त्यांत ना कामगार होता, ना स्त्री. त्यांच्या ताळेबंदात या कपातीची नोंद काटकसर म्हणून झाली.

त्याच गिरणगावात हजारो स्त्रिया खानावळी चालवीत होत्या. रत्नागिरीहून आणि घाटावरून एकटा आलेला गिरणी कामगार त्यांच्याच हातचे जेवून पाळीवर जाई. दहा-वीस माणसांचा रोजचा स्वयंपाक, महिनाअखेरची उधारी, वाण्याची बाकी आणि सावकाराचे व्याज हे सारे एकहाती सांभाळणाऱ्या या स्त्रियांना बँकेच्या दारात मात्र उभे राहता येत नव्हते, कारण त्यांच्याकडे तारण नव्हते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या स्त्रियांना व्यवहार कळत नाही असे गृहीत धरले होते, त्यांनी व्यवहार करून दाखवला.

हक्काला उपयुक्ततेची अट नको

स्त्रीला काही द्यावयाचे म्हटले, की त्याचा दुसऱ्या कोणाला काय उपयोग, हे आधी सिद्ध करावे लागते. ही या समाजाची जुनी खोड आहे. याच जिल्ह्यातील मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. त्या काळी शिकलेली स्त्री चांगली माता आणि चांगली गृहिणी होईल, असे समाजाला पटवावे लागे. शिक्षण तिच्या स्वतःसाठी, हे म्हणणे फार थोड्यांना रुचत असे. आज शतक उलटल्यावर युक्तिवादाची भाषा तेवढी पालटली आहे. तेव्हा तिने चांगली माता होऊन दाखवावयाचे होते. आता तिने भागधारकांचा नफा वाढवून दाखवावयाचा आहे.

पुरुषांच्या बाबतीत असा दाखला कोणी मागितला नाही. ज्या मंडळांत केवळ पुरुष होते, अशा कितीतरी कंपन्या आणि बँका बुडाल्या. म्हणून पुरुषांना संचालक मंडळात घ्यावे काय, या विषयावर एकही परिषद भरली नाही. मतदानाचा हक्क देताना, मतदारामुळे राष्ट्रीय उत्पन्न किती वाढेल, असे भारतीय घटनेने विचारले नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी ‘विशेष संधी’चा सिद्धांत मांडताना शूद्र, दलित आणि आदिवासी यांच्या बरोबरीने साऱ्या स्त्रियांचा समावेश त्यात केला, तो याच भूमिकेतून. आधी लायकी सिद्ध करा, मग संधी देऊ, हा क्रम त्यांना उलटा वाटे. संधी मिळाल्यावाचून लायकी दिसणार कोठून, असा त्यांचा रोख होता. उद्या एखाद्या अभ्यासात स्त्री संचालकांमुळे नफा घटतो असे निष्पन्न झाले, तर तिचा हक्क रद्द होणार काय? होणार नसेल, तर तो हक्क नफ्याच्या पायावर उभा करणे हीच मुळात चूक आहे.

केवळ स्त्री असणे पुरेसे काय?

मात्र एवढ्यावर थांबले, तर विचार अर्धवट राहील. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर सर्वोच्च स्थानी होत्या, आणि त्यांच्याच कारकीर्दीत १९८४-८५ चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडून काढला गेला. खुर्चीवरची व्यक्ती स्त्री आहे, एवढ्याने खुर्चीचा स्वभाव पालटत नाही. त्या स्त्रीला कोणी निवडले, ती कोणास उत्तरदायी आहे, आणि कोणते जीवन जगून ती तेथवर आली, यावर सारे अवलंबून असते.

याचा पुरावा भारताच्या खेड्यांनी दिला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने त्या २०११ मध्ये निम्म्या केल्या. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांतील पंचायतींची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे सरपंचपद स्त्रीसाठी राखीव होते, तेथे पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च झाला. बीरभूममध्ये रस्त्यांवरही अधिक झाला, कारण तेथील स्त्रिया रस्त्याच्या कामावर मजुरी करीत. उदयपूरमध्ये स्त्रियांची रस्त्याची मागणी तितकी नव्हती. तेथे पाण्याला झुकते माप मिळाले. म्हणजे स्त्रिया आल्या तेव्हा कामाचा विषयच पालटला. भर पावसाळ्यात ज्या जिल्ह्यात पाण्याचे लोट वाहतात आणि वैशाखात ज्याच्या वाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, त्या रत्नागिरी जिल्ह्याला याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. नावापुरती सरपंच पुढे करून नवरा कारभार हाकतो, ही तक्रार खोटी नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या निवडणुकीत त्याच स्त्रिया सभेत उभ्या राहून जाब विचारू लागल्याचेही गावोगावी दिसले आहे.

उद्योगाच्या क्षेत्रातही हाच अनुभव आहे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभी राहिली. तेथे पापड लाटणारी स्त्री हीच संस्थेची सहमालक, आणि कारभारी समितीही तिच्यातूनच येते. साताऱ्याच्या दुष्काळी माणमधील म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी स्त्रियांची सहकारी बँक काढावयाचे ठरवले. जयप्रकाशजींच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत घडलेल्या त्या कार्यकर्त्या. अर्जदार स्त्रिया निरक्षर, या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्या स्त्रिया साक्षरता वर्गाला बसल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या, आणि व्याजाचा कोणताही हिशेब तोंडी करून दाखवण्याचे आव्हान त्यांनी अधिकाऱ्यांना दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या दोन्ही संस्थांत, स्त्रियांमुळे कामगिरी सुधारते काय, हा प्रश्न कोणाला विचारावासा वाटत नाही. कारण तेथे स्त्री ही मंडळावर बसवलेली पाहुणी नाही, घरधनीण आहे.

रत्नागिरीतील काम

यातून कार्यकर्त्यांपुढे कोणते काम उभे राहते? पहिले काम सहकारी संस्थांतले आहे. राज्याच्या सहकार कायद्यानुसार संस्थेच्या समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात. पुष्कळ ठिकाणी त्या कशाबशा भरल्या जातात, कोरम पुरा केला जातो आणि ठरावाखाली सही घेतली जाते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही गत. पण दोष केवळ समितीत नाही. विकास सोसायटीचे सभासदत्व सातबाऱ्यावरील नावाशी जोडलेले, आणि सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे. मच्छीमार सोसायटीत होडी ज्याची तो सभासद. लिलावात बोली लावून, पाटी भरून बाजार गाठणारी स्त्री बाहेर. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? तेव्हा स्त्री संचालकाची मागणी करण्यापूर्वी स्त्री सभासदांची नोंदणी मोहीम हाती घेतली पाहिजे.

दुसरे काम जमिनीच्या नावाचे. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत समान हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. तरीही गणपतीला वा शिमग्याला माहेरी आलेल्या बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते, आणि माहेर तुटू नये म्हणून ती देतेही. पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतही हे घडते. ते थांबविण्याचा आरंभ कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरापासून केला, तर त्यांच्या भाषणांना वजन येईल.

तिसरे काम कंपन्यांच्या बाबतीत. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगार प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्याच वर्षी भारतीय घटनेतही ४३-अ हे कलम घालून व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे धोरण ठरवले गेले; पण खासगी कंपन्यांत ते कागदावरच राहिले, आणि राष्ट्रीयीकृत बँकांतील कामगार संचालकांच्या जागाही दीर्घकाळ रिकाम्या ठेवण्यात आल्या. म्हणून मागणी अशी हवी, की मोठ्या कंपनीच्या मंडळावर कामगारांनी निवडलेले संचालक असावेत आणि त्यांत स्त्री कामगारांना हक्काची जागा असावी. कंत्राटी आणि हंगामी स्त्री कामगारांनाही त्या निवडीत मत असावे. अन्यथा काजूच्या आणि आंब्याच्या कारखान्यांत राबणारी बहुसंख्य स्त्री पुन्हा बाहेरच राहील.

शहरातील सुशिक्षित स्त्री संचालक झाली, याबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. बंद दार फटीएवढे उघडले, तरी ते स्वागतार्ह आहे. पण त्या फटीतून एकटी-दुकटी आत गेली, म्हणून बाहेरच्या रांगेने समाधान मानावे, हे समाजवाद्यांना मान्य होणार नाही. मिरकरवाड्याच्या धक्क्यावरील स्त्री तिच्या सोसायटीच्या सभेला सभासद म्हणून जाईल, हिशेबाची वही मागेल आणि मत देईल, तेव्हा तिने नफा किती वाढवला, हे तिला कोणी विचारू नये. तो नफा कोणाच्या वाट्याला गेला, हे विचारण्याचा अधिकार तेव्हा तिचा असेल.